सरकलेली चिंच

लातूरच्या कलादालनात सकाळपासून ठोकाठोक चालली होती. अकरा चित्रं भिंतीवर चढली होती आणि एक खाली भिंतीकडे तोंड करून उभं होतं, मास्तरांनी शिक्षा केलेल्या पोरासारखं. ते खरं तर पहिलं चित्र. श्रावणातलं. दारातून आत आलं की डाव्या हाताचा पहिला खिळा त्याचा, आणि तोच खिळा मोकळा.

"समे, लाव की गं ते!" स्टुलावरून धम्मप्रिया ओरडली. तिच्या हातात हातोडी होती, ओठांत दोन खिळे, आणि बोलताना ते खिळे मिशांसारखे हलत होते. धम्मप्रिया म्हणजे समीक्षाची थोरली बहीण, लातूरच्याच एका दवाखान्यात सिस्टर. आज तिनं खास रजा टाकली होती. "अकरा वाजता लोक यायला लागतील. पहिलाच खिळा मोकळा बघून म्हणतील, चित्र चोरीला गेलं."

"ताई, खिळे गिळशील."

"गिळले तर काय करायचं ते मला ठावं हाय. तू विषय बदलू नको. लावायचं का न्हाई?"

"काकू न्हाई म्हणल्यात."

"काकू तिकडं रानात. इथं कोण बघायला येऊन राहिलंय?"

समीक्षा भिंतीवरच्या ओळीकडे बघत होती. तिचं लक्षच नव्हतं. वर्षभर ही चित्रं नांदेडच्या घरातल्या एका खोलीत एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी होती. एक बघायचं तर दुसरं झाकायचं. आज पहिल्यांदा ती सगळी एका ओळीत उभी राहिली होती. तेच झाड, तोच बांध, तेच दोन्ही बाजूंचं रान, आणि महिने मात्र वेगळे.

एकदम ती ओळीच्या टोकाला गेली आणि चित्रांकडे मान वळवून धावत सुटली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"येडी झाली का?"

"ताई, उतर! खाली उतर! पळत बघ, रान हलतंय!"

"काय?"

"हिरवं होतं, पिवळं होतं, कापलं जातं, काळं होतं, परत हिरवं! तू पळ तर खरी. मान डावीकडं ठेव."

धम्मप्रिया पदर खोचून, हातोडीसकट पळाली. शेवटच्या चित्रापाशी थांबली, धापा टाकत हसली. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "हलतंय खरं. पण सुरुवातीलाच दचका बसतो गं. जिन्याची एक पायरी नसावी तसं."

दचका बसतो हे समीक्षालाही कळत होतं. श्रावणाशिवाय वर्ष सुरूच होत नव्हतं. आणि श्रावण लावायचा तर ज्यांच्या रानात बसून तो काढला त्या सिंधूकाकूंनी 'हाव' म्हणायला पाहिजे होतं.

*

समीक्षा नांदेडच्या एका शाळेत चित्रकलेची मॅडम. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांकडून ती निसर्गचित्रं काढून घ्यायची आणि दर वर्षी तेच यायचं: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचं झाड. एकदा तिनं एकाला विचारलं, "तू नारळाचं झाड कुठं बघितलंस रे?" तो म्हणाला, "तुम्हीच शिकवलं की मॅडम."

ते तिला लागलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. वडील आनंदराज पेंटर. फ्लेक्स यायच्या आधी गावातल्या फोटो स्टुडिओंचे मागचे पडदे तेच रंगवायचे. पडद्यावर बर्फाचे डोंगर, निळं तळं, तळ्यात हंस. नांदेडची कितीतरी नवी जोडपी आनंदराजांच्या बर्फासमोर घाम पुसत उभी राहिलेली. "मी बर्फ विकला, तू नारळ विकून राहिली," ते म्हणाले. "आपल्या घराण्यात इथलं झाड अजून कुणीच काढलं न्हाई बघ."

इथलं झाड तिला ठाऊक होतं. लातूरला बहिणीकडे जाताना लोहा मागे पडलं की अहमदपूरच्या अलीकडे एसटी एक वळण घेते. त्या वळणावर खिडकीतून एक चिंच दिसायची. तिरप्या उतारावर दोन रानांच्या मधल्या बांधावर एकटीच उभी. पाठीमागे पाझर तलावाची चकाकणारी रेघ. दिसायची आणि जायची. गेल्या वर्षीच्या श्रावणात चिंच दिसली आणि समीक्षा जागेवरून उठलीच. रंगांची पेटी, घडीचा स्टँड, बोर्ड असा सगळा संसार काखोटीला मारून तिनं घंटीची दोरी ओढली.

कंडक्टर म्हणाला, "मॅडम, तिकीट लातूरचं हाय."

"हाव. पण झाड इथं हाय."

त्याआधीच तिनं आणखी एक उद्योग करून ठेवला होता. हातात एकही चित्र नसताना लातूरच्या कलादालनात पुढच्या श्रावणाची तारीख धरून टाकली होती. विषय काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "एक झाड, बारा महिने."

फाट्यावर उतरून ती उजव्या हाताच्या रानात शिरली. तिथूनच चिंच, तलाव आणि उतार एका नजरेत यायचे. सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं. सूर्य डावीकडे चढत होता आणि चिंचेची सावली लांब होऊन उजवीकडे पसरली होती. समीक्षानं स्टँड रोवला, ब्रश हात ताणून समोर धरला, एक डोळा मिटला आणि अंगठा ब्रशवर सरकवत झाडाची उंची घ्यायला लागली.

आता त्या मुलखात रानात उभं राहून कुणी एक डोळा मिटला आणि हातात काही आडवं-उभं धरलं, तर त्याचा अर्थ एकच होतो. डावीकडच्या रानातून एक माणूस मोटारसायकल टाकून पळत आला. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. हेच किशनराव.

"ओ म्याडम! मोजणी कुणी आणली?"

"कसली मोजणी?"

"हे काय मग? एक डोळा झाकून राहिल्या, काडी धरून राहिल्या. रस्ता जाऊन राहिला का आमच्या रानातून?"

"चित्र काढतेय काका मी."

"कशाचं?"

"त्या चिंचेचं."

"कशाला?"

चित्रकलेच्या कोर्सात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "आवडली म्हणून," समीक्षा म्हणाली.

किशनरावांनी चिंचेकडे पाहिलं. बरीच वर्षं ओळखीच्या माणसावर एकदम संशय यावा तसं पाहिलं. "कोणत्या खात्याकडून आवडली?"

तेवढ्यात सोयाबीनच्या तासातून एक बाई उभी राहिली. हातात खुरपं, डोक्याला फडकं. तिनं किशनरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. समीक्षाकडे बघूनच म्हणाली, "त्यान्ला सांग, पोरगी माझ्या रानात बसलीय. माझ्या पाव्हणीची चौकशी त्यांनी करायची न्हाई."

किशनरावही समीक्षाकडेच बघत म्हणाले, "म्याडम, त्यान्ला सांगा, रानात कुणी पण बसू द्या. झाड माझं हाय."

"त्यान्ला सांग, झाड बांधावर हाय."

"त्यान्ला सांगा, बांध कुणी कोरला ते गावाला ठावं हाय."

दोघांत दहा हातांचं अंतर. समीक्षा मधे, ब्रश हातात, मान इकडून तिकडे. सिंधूकाकू म्हणजे किशनरावांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारला, वाटणी झाली, रानाचे दोन तुकडे पडले, आणि चिंच नेमकी मधल्या बांधावर सापडली. तेव्हापासून नऊ वर्षं दीर-भावजय एकमेकांशी थेट बोलले नव्हते. बोलायचं झालं तर मधे कुणीतरी लागायचं. कुणी नसलं तर बैलाला सांगायचे.

किशनराव गेल्यावर काकूंनी विचारलं, "नाव काय तुझं?"

"समीक्षा."

"पूरं."

"समीक्षा आनंदराज सोनकांबळे."

आडनावापाशी माणसं जरा थांबतात. ते थांबणं किती लांब असतं त्यावरून पुढचं सगळं समीक्षाला कळायचं. लहानपणापासूनची सवय. काकू थांबल्या. मग बांधाला ठेवलेली पाण्याची बाटली उचलली, एक घोट स्वतः प्यायल्या आणि तीच बाटली हिच्या हातात दिली. "पी. ऊन चढून राहिलं."

समीक्षा पाणी प्याली आणि चित्राला भिडली. अशी सकाळ तिच्या हाताला कधीच आली नव्हती. रंग जणू आपणहून बोर्डवर उतरत होते. एकच अडचण होती. झाड बरोबर मधोमध येत होतं, आणि मधोमध झाड म्हणजे पासपोर्टचा फोटो. तिनं फार विचार केला नाही. चिंच वीतभर डावीकडे सरकवली, सावली मात्र जिथं दिसत होती तिथपर्यंत ओढून तशीच ठेवली, आणि अख्खं चित्र एकदम श्वास घ्यायला लागलं. ती जागच्या जागी उडी मारून ओरडली. बांधावरचे बगळे उडाले.

सामान आवरत होती तेव्हा किशनराव पुन्हा आले. चित्राकडे पाहिलं. आणखी जवळून पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की समीक्षाला वाटलं, आपल्याला पहिला रसिक भेटला.

"एक फोटू काढू का म्याडम?"

"काढा की!"

अहमदपूरच्या स्टँडवर ती पोचेपर्यंत तो फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला होता. खाली किशनरावांनी लिहिलं होतं: 'बाहेरून आलेल्या म्याडमनी पण चिंच आमच्याच हद्दीत दाखवली. सत्य लपत नाही.'

*

पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा काकू तिच्या जागेवर आधीच उभ्या होत्या.

"तू झाड सरकवलंस."

"काकू, ते कंपोझिशनसाठी..."

"म्हंजे?"

"म्हंजे चित्र चांगलं दिसावं म्हणून."

"त्यांच्या रानात गेलं की चांगलं दिसतं व्हय झाड?"

समीक्षानं समजावलं. कागदाचा मधला भाग, नजरेची वाट, मोकळी जागा, सगळं हातवारे करून सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ऊठ. दुसरीकडं बस."

दुसरीकडे म्हणजे किशनरावांचं रान. ते हात जोडून बोलवतच होते. पण त्यांच्या बाजूनं पाहिलं की चिंचेच्या डोक्यातून मोबाईलचा टॉवर उगवायचा. समीक्षा रिकाम्या हातानं नांदेडला परतली. दालनाची तारीख धरलेली, चित्र एक, आणि तेही भांडणाचं.

आईला सांगितलं तर सरजाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग? त्या बाईचं काय चुकलं?"

"आई, चित्र आहे ते! सातबारा न्हाई."

"तुला काय ठावं बांध म्हंजे काय? आपल्याला कुठं बांध होता? तुझा आजा साहेबराव जन्मभर दुसऱ्याचे बांध घालत फिरला. सांगतील तिथं घालायचा, सांगतील तिथून काढायचा. तुला झाड उचलून ठेवायला काय जड जातंय!"

समीक्षा आधी हसली. मग हसू अर्ध्यातच राहिलं. तिनं भाकरीकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती पुन्हा त्या रानात होती.

"काकू, मी झाड हलवणार न्हाई. आहे तिथंच काढते. बसू द्या."

काकूंनी खुरपं थांबवलं. "आन ते पहिलं? ते काय करणार?"

"ते... ते लई चांगलं झालंय काकू. फाडायला सांगू नका."

"फाड कोण म्हणलं? मी सांगेपर्यंत कुणाला दाखवायचं न्हाई. बोल."

"हाव."

"बस मग."

आणि वर्षाला सुरुवात झाली. समीक्षा रंग लावायची, काकू मागे उभ्या राहून परीक्षा घ्यायच्या. त्यासुद्धा एक डोळा मिटून अंगठा समोर धरायला शिकल्या. "दोन बोटं हिकडं. अजून. हां! आता माणसासारखं उभं राहिलं." गंमत अशी, की चिंच मधोमध ठेवायची म्हटल्यावर समीक्षाला बाकी सगळं नव्यानं शोधावं लागलं. नजर फिरवायची तर आता आभाळानं फिरवायची, तासांच्या रेघांनी फिरवायची, तलावाच्या चकाकीनं फिरवायची. हात असा तयार व्हायला लागला की घरी येऊन ती वडिलांना झोपेतून उठवून दाखवायची.

आश्विनात सोयाबीन काढलं तेव्हा मळणी यंत्राचा भुसा ओल्या रंगावर येऊन बसला. समीक्षा तो चिमटीनं काढायला लागली तर काकू म्हणाल्या, "राहू दे की. रान हाय ते, देवघर न्हाई." भुसा तसाच राहिला. हरभऱ्याच्या दिवसांत काकूंनी घाट्यांनी लगडलेले ढाळे उपटून दिले, ते खाता खाता बोटांचा आंबटपणा ब्रशला लागला. फाल्गुनात सगळे म्हणाले, चिंच काय काढून राहिली, किनवटला जा, पळस पेटलाय. ती गेली. अख्खा डोंगर केशरी झालेला. बसली, बघितलं, आणि न काढताच परतली. धम्मप्रियाला फोनवर म्हणाली, "ताई, दुसऱ्याच्या झाडाकडं बघितल्यासारखं वाटलं गं."

आणि चिंचेची झोडणी! त्या दिवशी तर ती हसून हसून ब्रश धरू शकली नाही. एका बाजूनं किशनराव लांब काठी घेऊन, दुसऱ्या बाजूनं काकू लांब काठी घेऊन. ज्याच्या रानाकडे फांदी झुकलेली, त्यानं ती झोडायची. पण चिंचेच्या बोटुकांना वाटणी कुठं माहीत! काकूंनी झोडलेली किशनरावांच्या रानात पडायची, त्यांची इकडे उडायची.

"म्याडम, त्यान्ला सांगा, माझी चिंच त्यांच्या रानात पडली."

"त्यान्ला सांग, माझ्या रानात पडलं ते माझं."

"मग त्यांचं माझ्या रानात पडलं ते?"

"त्यान्ला सांग, ते चुकून पडलं."

बारा महिने झाले. श्रावण तेवढा राहिला होता. समीक्षानं घरी बसून तो नव्यानं काढायचा प्रयत्न केला, झाड जागेवर ठेवून. पुन्हा काढला. पुन्हा पुसला. प्रत्येक वेळी चित्र नीट यायचं आणि मेलेलं यायचं. ती सकाळ, ते बगळे, ती उडी त्यात नव्हतीच. शेवटी तिनं जुनं चित्र आईच्या साडीत गुंडाळलं, लातूरला आणलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. काकूंना प्रदर्शनाचं निमंत्रण दिलं होतं. त्या येतील का, ते ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या शब्दाशिवाय ते चित्र फिरवायचं नाही, हे ठरलं होतं.

*

सव्वाअकराला दालनासमोर काळी-पिवळी जीप थांबली. पुढच्या सीटवरून किशनराव उतरले, इस्त्रीचा शर्ट, टॉवेल नवा. गावची बाकीची माणसं उतरली. सगळ्यात शेवटी, सगळ्यात मागच्या बाकड्यावरून सिंधूकाकू. हिरवं लुगडं, हातात चिंचेची पिशवी.

"ताई, आल्या! काकू आल्या!" समीक्षानं बहिणीचा दंड असा दाबला की ती ओरडली.

काकू दारात थबकल्या. चपला बाहेर काढल्या. समीक्षा नको नको म्हणेपर्यंत अनवाणी आत आल्या आणि डाव्या हाताला वळल्या, जसं कुणीही वळलं असतं. पहिला खिळा.

"हे का मोकळं?"

"तुम्ही सांगेपर्यंत दाखवायचं नव्हतं."

"आन मी आलेच नसते तर?"

"मोकळंच राहिलं असतं."

काकूंनी खिळ्याकडे पाहिलं. मग समीक्षाकडे पाहिलं. हे थांबणं मात्र तिच्या ओळखीचं नव्हतं.

"दाखव," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी लोकांच्या फोनवर नखाएवढं दिसलं होतं. मी कुठं धड बघितलंय?"

समीक्षानं चित्र फिरवलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली. मागून किशनरावांचा आवाज आला, "हेच ते! लावा म्याडम, लावा. हेच तर बघायला आलो."

"त्यान्ला सांग, गप बसा जरा." काकू इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास रंगाला लागला. बोट चित्रावरून फिरलं, न टेकता. चिंचेवर आलं, तिथं थांबलं नाही, पुढे सरकत सावलीवर गेलं. "ही पिवळी पट्टी कशाची?"

"सोयाबीनची. तिथं पिवळंच होतं काकू. खुरटलेलं."

"हे पण सरकवलंस?"

"न्हाई! झाड सरकवलं. सावली होती तिथंच ठेवली. पीक दिसलं तसं काढलं."

काकू ताठ झाल्या. झपाझप पुढच्या चित्रापाशी गेल्या. "हिथं पण." त्याच्या पुढच्या. "हिथं पण बघ, तासं कशी खुरटून बसलीत." हरभऱ्यापाशी थांबल्या. हिरव्यागार रानात चिंचेपासून उजवीकडे फिकट पट्टा, जसा कुणी ओला हात फिरवून गेलाय. वर्षभर समीक्षानं तो काढला होता आणि स्वतः कधी पाहिला नव्हता. तिच्यासाठी ती फक्त रंगाची एक छान हलकी छटा होती.

काकू गर्रकन वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"भावजी! हिकडं या!"

गावची माणसं दगडासारखी झाली. समीक्षानं सवयीनं "त्यान्ला सांगू का" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. किशनराव एक पाऊल पुढे आले, मागे कुणी दुसरे भावजी आहेत का बघितलं, आणि आले.

"घ्या, झाड तुमचं. म्याडमनं दिलं, मी पण दिलं. आता ही सावली उचला माझ्या रानातून."

"सावली उचलायला ती काय सतरंजी हाय का वैनी?"

"मग? झाड तुमचं तर सावली कुणाची? नऊ वर्षं तुमची सावली माझं पीक खाऊन राहिली. बघा डोळ्यानं! मी म्हणत होते तवा म्हणला होतात, खत कमी पडलं."

"अवो पण दुपारून माझ्याकडं पडती की! माझं न्हाई का पीक बसत?"

"कुठं हाय दुपार? दाखवा." काकूंनी हात असा फिरवला की अकरा चित्रं आणि समीक्षाच्या छातीवरचं बारावं एका झटक्यात त्यात आलं. "हाय का दुपार ह्यात? सगळी सकाळच हाय. चित्रात दुपार होत न्हाई भावजी!"

किशनराव चित्रामागून चित्र बघत सुटले. खरंच सगळी सकाळ. त्यांनी कळवळून समीक्षाकडे पाहिलं. "म्याडम, दुपारचं एक पण न्हाई काढलं?"

"मला दुपारची गाडी धरायची असायची काका."

"एका एसटीपायी माझी सावली गेली!"

आता दालनातले बाकीचे लोक भोवती जमले होते. कुणीतरी हळूच विचारलं, "हे नाटक हाय का?" धम्मप्रिया म्हणाली, "न्हाई, नातेवाईक हायत." आणि ते दोघं बोलतच होते. कोणत्या साली कोणती फांदी वाढली, बांध कुणाच्या बैलानं तुडवला, थोरल्या भावानं झाडाखाली खाट कुठं टाकली होती. बोट प्रत्येक वेळी चित्राकडे जायचं. "ह्या इथं टाकायचे ते खाट." "इथं न्हाई वैनी, जरा खाली, उतारावर. दादाला पाठीत कळ यायची ना." "हाव. खाली. बरोबर हाय." रंगाबद्दल, ब्रशबद्दल कुणी एक शब्द बोलत नव्हतं. दोघं चित्रात उतरले होते आणि रानात उभं राहून भांडत होते.

"समे," धम्मप्रिया कानात कुजबुजली, "पाणी देऊ का त्यांना? बीपी वाढंल."

"नको ताई. बोलू दे."

"आन तू रडून राहिलीस का हसून?"

"मला काय म्हाईत!"

शेवटी दम किशनरावांचा संपला. टॉवेलनं मान पुसत ते म्हणाले, "बरं, झाड मधलं म्हणा. दोघांचं. मग सावली पण दोघांची."

"ते घरी गेल्यावर बघू," काकू म्हणाल्या. तेवढ्यावर त्या विरघळणाऱ्या नव्हत्या. मग समीक्षाकडे वळल्या. "हात दुखले असतील तुझे. लाव ते खिळ्यावर. सरकलंय तर सरकलंय."

समीक्षानं स्टूल घेतलंच नाही. टाचा उंच करून, जीभ दातांत धरून तिनं श्रावण भिंतीवर चढवला. मागे सरली. एका बाजूला कललं होतं. काकूंनी एक डोळा मिटला, अंगठा धरला. "उजवं टोक वर. हां. बास."

मग काही तरी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "माझं रान त्यांच्या बाजूनं कसं दिसतं गं?"

"तिकडून मी कधी काढलं न्हाई काकू."

"मी पण बघितलं न्हाई. वाटणी झाल्यापासून बांध ओलांडलाच न्हाई." त्यांनी अंगठा खाली घेतला. "पुढल्या साली तिकडून काढ."

"माझ्या रानात बसायचं तर मला विचारावं लागंल," किशनराव म्हणाले.

"मग विचारूनच तर राहिले."

किशनरावांचा टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला. "बसू द्या की. माझं काय. पण टॉवर येतो मधी." ते समीक्षाकडे झुकले, आवाज हळू केला. "म्याडम, तेवढा टॉवर जरा सरकवता येतो का?"

"न्हाई!" समीक्षा आणि काकू एकदम ओरडल्या. धम्मप्रिया खो खो हसत सुटली आणि तिच्यामागे सगळं दालन.

"काकू," हसू आवरत धम्मप्रिया म्हणाली, "हे चालत बघायचं न्हाई. पळत बघायचं असतं. पहिल्यापासून."

"ह्या वयात?"

"मी हाय ना, सिस्टर हाय मी. पळा."

सिंधूकाकूंनी चिंचेची पिशवी समीक्षाच्या हातात दिली, पदर खोचला आणि श्रावणापासून निघाल्या. पळाल्या नाहीत, पण खुरपणीला उशीर झाल्यासारख्या झपाझप चालल्या. अनवाणी पावलं फरशीवर वाजत गेली. हिरवं, पिवळं, कापलेलं, परत हिरवं, काळं. समीक्षा श्वास धरून बघत राहिली. शेवटच्या चित्रापाशी, आषाढात, काकू थांबल्या. त्यात कोवळं सोयाबीन होतं आणि तासांमधून समीक्षानं मोठ्या हौसेनं रंगवलेलं दाट पोपटी गवत.

काकूंनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं. मान हलवली.

"अगं बाई. तण लई झालंय. जल्दी जावं लागतंय."

चपला घालायला त्या दाराकडे निघाल्यासुद्धा. किशनराव लगबगीनं पुढे गेले आणि काळी-पिवळीचं पुढचं दार उघडून उभे राहिले.

"वैनी, हिथं बसा. मागं हादरे बसतेत."